सोळावरचा एसी

मंगळवार, संध्याकाळ

डोकंच चालेना झालंय. जुन्या पिकअपला एसीचं फिरवायचं बटण होतं, एक ते चार. एकवर ठेवलं की वारा कमी, डिझेलही कमी. माल भरलेला असला की मी सरळ बंदच करायचो. नव्या गाडीत ऑटो एसी आहे, नुसता आकडा लावायचा. डिझेल वाचावं म्हणून महिनाभर सगळ्यात कमी आकडा लावला, सोळा. तरी ॲव्हरेज पडतच गेलं. आणि घरी करमत नाही म्हणून सोबत येणारे अण्णा, माझे वडील, भर मे महिन्यात चादर पांघरून बसायला लागले.

आज माळशिरसला माल उतरवताना दुकानदाराला ॲव्हरेजचं रडगाणं ऐकवलं, तर तो केबिनमध्ये डोकावला आणि हसलाच.

"अहो, सोळा म्हंजे सगळ्यात जास्त गार! डिझेल वाचवायचं तर सव्वीस करा की."

म्हणजे आकडा वाढवला की एसी कमी? मग ऑटो काय कामाचं? जुनं बटणच बरं होतं का? कळेना. केलं सव्वीस.

कुंभारीत घरी उतरलो तर अण्णा शेजाऱ्याला सांगत होते, "पोरगं माझ्यासाठी डिझेल जाळून फुल्ल एसी लावतंय. लई गारठतो, पर त्याला कशाला सांगू? आज जरा कमी होता. गाडी दमली आसंल."

माझ्यासाठी म्हणे! मी तर चिंगूसपणानं लावला होता.

उद्या किती लावू? सोळा की सव्वीस?

अण्णांनी चादर घडी घालून परत सीटवर ठेवलीये.