गुणाजींचं रेकॉर्डिंग

जुबैल, ऑक्टोबर २०१३

प्रिय अमिता,

हे पत्र सुटीवर रत्नागिरीला निघालेल्या शेजारणीच्या हाती देतेय. फोनवर हे बोलायचा धीर होत नाही.

शारीकच्या नोकरीमुळे इथे आले आणि पीएच.डी.साठी आपल्याकडच्या कामगारांच्या मुलाखती घ्यायला लागले, ते तुला ठाऊक आहे. कंपनीची परवानगी मागितली नव्हती. मागून मिळालीही नसती. शुक्रवारी कंपनीच्या कामगार-कॅम्पमधले दोघं आमच्याकडे जेवायला यायचे. गुहागरचे गुणाजी, वेल्डर, आणि त्यांच्याच खोलीत राहणारा कादिर. नावं बदलेन म्हटल्यावर दोघं तयार झाले. गुणाजी अडीच तास बोलले, मी सगळं रेकॉर्ड केलं. सरकारी नियम पाळल्याचं दाखवायला कागदावर सौदी माणसं कामाला आहेत, साइटवर एकही दिसत नाही, आणि बावीस वर्षं राबलेल्यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, मात्र कंपनी वाढवून देत नाही. ते अडखळले की कादिर त्यांचं वाक्य पुरं करायचा.

सोमवारी कॅम्पच्या साहेबाने गुणाजींना बोलावलं. ती बाई कोण, म्हणून विचारलं. गावची आहे, घरचा निरोप द्यायला बोलावते, असं सांगून त्यांनी मला वाचवलं. गुरुवारी परत पाठवायच्या अकरा जणांत त्यांचं नाव होतं. शारीक म्हणतो, यादी आधीच झाली असेल, सगळीकडे माणसं कमी करताहेत. असेलही. पण विचारायचं कुणाला? विचारण्यापायीच तर हे झालं असेल.

निघताना गुणाजी दारातच थांबले. "ताई, माझं बोलणं ठेवा. आणि नाव बदलू नका. एवढ्या वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं."

दोन दिवसांनी कादिर आला. चहाही घेतला नाही. माझा आवाज पुसा, एवढंच म्हणाला. दोघांचे आवाज वेगळे करायला बसले, पण जमेना. गुणाजींना ठेवलं की कादिर ओळखू येतो. संमतीवर पानंच्या पानं वाचलीत मी. अशा दोघांचं काय करायचं, ते कुठेच सापडलं नाही.

मी सगळं पुसलं, अमिता. कादिरसाठी, की माझ्या आणि शारीकच्या भीतीने, ते अजून कळत नाही.

गुणाजींना हे माहीत नाही. कॉपी तुझ्याकडे पाठवते, असं मीच कबूल केलं होतं. दिवाळीनंतर ते बायकोला घेऊन तुझ्याकडे येतील, आपलं बोलणं तिला ऐकवायला. मशीन बिघडलं असं सांगू नकोस. मेहनाजने पुसलं, असंच सांग. त्यांनी का म्हणून विचारलं, तर काय सांगायचं, ते मला सुचलेलं नाही.

तुझीच,
मेहनाज