प्लॅस्टिकच्या माणसाला रंग कोणी सांगितले

मी, कुंडलिक बिरा लवटे, वय ६३, निवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार मुरारजी पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाखाली नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. दमले आहे ते शरीर. चार ओळी झाल्या की पेन खाली ठेवावे लागते, म्हणून अक्षरात फरक दिसल्यास शंका घेऊ नये.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या व मागचे न्हाणीघर, पत्नी मथुराबाई हिला. पोस्टातली शिल्लकही तिचीच. तिने आयुष्यभर माझ्या सदऱ्यांवरचे रंगाचे डाग धुतले, त्या मानाने हे फार थोडे आहे.

२. ब्रश व इझल मुलगी महानंदा हिला. काम संपताच ब्रश धुवावेत. हे तिला हजार वेळा सांगितले आहे. यापुढे सांगायला मी नसेन.

३. लाल एनॅमलचा अर्धा डबा आमच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापकांना. १९७२ साली अमेरिकेतल्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला प्लॅस्टिकच्या माणसाचा संच पाठवला. हातभर उंची, अंग पारदर्शक, आतली हाडे व अवयव सगळे सुटे आणि पांढरे. आपणच जोडून रंगवायचे. साहेबांनी खोके माझ्या टेबलावर ठेवले, आणि काम पुरे झाल्यावर तो माणूस ठेवलेल्या कपाटावर पाटी स्वतःच्या नावाची लावली. फार राग होता. आता तोही धरवत नाही. डबा घ्यावा.

४. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

त्या वर्षी सांगोल्याकडे पाऊस नव्हता. माझा थोरला भाऊ मायाप्पा मेंढरे विकून दोन महिने माझ्याकडे येऊन राहिला. मी शाळेतून आलो की रंगवायला बसे. पोस्टर कलर प्लॅस्टिकवर धरेना, वाळला की पापुद्रे निघत. मग एनॅमल आणले. पुस्तकातल्या चित्राप्रमाणे यकृत, ज्याला गावी काळीज म्हणतात ते, लालभडक केले. मायाप्पा भाकरी खाता खाता हसला. "आरं, काळीज आसलं कुटं आसतंय व्हय? हे तर कुक्कू झालं की."

गावच्या जत्रेला बकरी त्याच्याच हातून कापली जात. त्याने सांगितले तसे यकृत तपकिरी केले, फुप्फुसे फिकट गुलाबी, पित्ताची पिशवी हिरवट. माणूस खरा दिसू लागला. पोट मात्र एकच निघाले तेव्हा त्याने खोके उलटे करून झटकले. "मेंढराच्या पोटाला चार कप्पं आसत्यात. ऱ्हायल्यालं तीन कुटं गेलं?" तितका मी त्यानंतर कधी हसलो नाही.

तपासणीच्या दिवशी तो माणूस मांडीवर सांभाळत टांग्यातून मायाप्पानेच शाळेत आणला. तपासणी अधिकाऱ्यांनी रंगांचे कौतुक केले आणि मायाप्पाचा पटका, खांद्यावरचे घोंगडे पाहून विचारले, "हे कोण?" सगळे शिक्षक उभे होते. मी म्हणालो, "आमचा गडी."

मायाप्पाने माणूस टेबलावर नीट उभा केला व बाहेर गेला. तो घरी आलाच नाही, तसाच गावी गेला. त्याच्या कानावर माझे शब्द पडले की नाही, हे सहा वर्षांत विचारायचे धाडस मला झाले नाही. मला लाज वाटते.

५. तो प्लॅस्टिकचा माणूस शाळेचा आहे. मला कोणाला देता येत नाही. महानंदाने परवानगी काढून कपाटाला चिठ्ठी लावावी: "रंग सांगणारे मायाप्पा बिरा लवटे, चित्रकला शिक्षकांचे बंधू."

६. वकील म्हणतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून मायाप्पाला मी काहीही देत नाही. मला त्याची साक्ष हवी आहे. कार्ड टाकले आहे. तो आला तरच खाली सही करीन.

ठिकाण सोलापूर, ता. १२ डिसेंबर १९७८.
सही: कुं. बि. लवटे

साक्षीदार १: गुरुबसप्पा (शेजारी), सही.

साक्षीदार २: मायाप्पा बिरा लवटे, तालुका सांगोला. मृत्युपत्र करणाराचा सख्खा थोरला भाऊ. डाव्या हाताचा अंगठा.

वरील मजकूर साक्षीदार २ यांना मी (साक्षीदार १) वाचून दाखवला. अंगठा उठवण्याआधी ते भावाला जे बोलले ते त्यांच्याच आग्रहावरून लिहीत आहे: "मला ऐकू आलं हुतं. तू मागनं हाक मारशील म्हणून मधल्या सुट्टीची घंटा हुईस्तवर फाटकापाशी हुबा हुतो."