शिशाच्या कपाटातील बिल्ला

२ जानेवारी
छातीवरच्या किरणमापक बिल्ल्याचा तिमाही अहवाल आला. किरणोत्सर्गी औषधे भरणाऱ्या आम्हा तिघांत माझाच आकडा सर्वाधिक. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, काका, पुढच्या वेळी आकडा उतरला नाही तर तुम्हाला नोंदणीच्या खिडकीत बसवीन. अठ्ठावीस वर्षांची औषधखोली सोडून मी लोकांना नावे विचारू? असंभव. संकल्प: किरणांपासून बचावाच्या त्रिसूत्रीचे कडक पालन. काळ अल्प, अंतर अधिक, आवरण शिशाचे.

३ जानेवारी
अल्प काळ साधेना. कुपी हाती येताच स्तोत्र ओठी येते. ते अर्धवट सोडणे पाप. सफाईच्या मावशी म्हणाल्या, काका, देव ऐकतोय, पण जरा भरभर म्हणा. उद्धट बाई.

९ जानेवारी
लांब चिमट्याने अंतर राहते, हे मान्य. परंतु चष्मा घरी राहिल्याने लेबल दिसेना. जवळ गेलो. केवळ आजपुरते.

१० जानेवारी
पुन्हा आजपुरते.

२० जानेवारी, दुपारी
चिंतनाअंती उमगले: दोष माझा नव्हे, बिल्ल्याचा. चहाडखोर भाच्यासारखा सारे टिपून ठेवतो. सबब त्रिसूत्री त्यालाच लावली. अंतर: माझ्यापासून वीस पावले. आवरण: कोपऱ्यातले नवे शिशाचे कपाट. काळ: मार्चअखेर. ही लबाडी नव्हे, उपकरणाची निगा. कपाटावर पिवळी सूचना आहे, चष्म्याविना वाचवेना. बहुधा ‘स्वच्छता राखा’.

१४ फेब्रुवारी
सौ. म्हणाली, हल्ली बिल्ला दिसत नाही. म्हटले, अलंकारांचा मोह सुटला. म्हणाली, मग साखरेचाही सोडा.

३१ मार्च
बिल्ला तपासणीस रवाना. ‘निर्लेपता’ या विषयावर आभाराचे भाषण तयार.

२२ एप्रिल
प्रयोगशाळेने अहवाल न पाठवता थेट फोन केला: माझा आकडा शंभरपट. मॅडम पांढऱ्याफटक. म्हणाल्या, काका, आधी बसा. रक्त काढले. विभाग बंद, रुग्ण परत.

२३ एप्रिल
रक्त उत्तम. मग आकडा कुठला? मॅडम दुसरा दिवस उपाशी. रुग्ण पुन्हा दारातून माघारी. पाहवेना. कपाटाचे सांगून टाकले. मावशी बोलल्या: अहो काका, वापरलेल्या सुया नि कुप्या निवेपर्यंत त्यातच कोंडतो की आम्ही! शिसं त्यांच्या किरणांना बाहेर येऊ देत नाही. तुम्ही तर बिल्ल्याला त्यांच्याच कोठडीत टाकलंत!
वास्तविक सूचनेची अक्षरे मोठी हवीत.

२५ एप्रिल
नोंदणीची खिडकी. औषधखोलीपासून अंतर वीस पावले. मावशींनी नवा बिल्ला स्वहस्ते माझ्या छातीवर अडकवला. पुढच्या तिमाहीत आकडा शून्य येणार, यात शंका नाही.
बारा जणांना नावे विचारली.