शेवटच्या बाकावरचा अकॅडमिक लीडर

६ जानेवारी, सोमवार

आजपासून पुन्हा रोजनिशी. कारणच तसे घडले आहे. कॉलेजातून पत्र आले. अकरा वर्षांपूर्वी ज्यांनी मला शाल, नारळ आणि पंधरवड्यात बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ देऊन निरोप दिला, त्यांनीच परत बोलावले. विद्यापीठाचे नवे परिपत्रक आहे म्हणे. जुन्या अनुभवी माणसाने नव्या प्राध्यापकांच्या तासाला बसायचे, शिकवणे कसे सुधारेल ते सांगायचे, धीर द्यायचा. पदाचे नाव अकॅडमिक लीडर. मानधन नाही. चहा आहे.

पत्रावर सही प्राचार्या डॉ. उन्नती तरे यांची. माझ्या मराठीच्या वर्गातलीच विद्यार्थिनी. कविता चालीवर म्हणायला उभी केली की डोळ्यांत पाणी यायचे तिच्या. माझी बायको राही म्हणते भीतीने. मी म्हणतो भावनेने.

राहीला पत्र मोठ्याने वाचून दाखवले. ती शेलार गावची. कामतघरात येऊन चाळीस वर्षे झाली, पण बोलणे अजून माहेरचेच. म्हणाली, "तुमी बसल्या जागी झोपता. लूम चालू झाला का तुमचं डोलं मिटतं, बंद झाला का उघडतं. तुमी काय तास बघनार?"

यात तथ्य थोडेच. आमच्या भिंतीला भिंत लागून कापड विणणाऱ्या लूमची शेड आहे. त्या खटखटीत अख्खी गल्ली झोपते आणि लाईट जाऊन लूम थांबले की अख्खी गल्ली दचकून उठते. पण ड्युटीवरचा माणूस वेगळा. मी झोपत नाही, डोळे मिटून विचार करतो.

संकल्प: १) पहिल्या तीन भेटींत एकही कविता म्हणायची नाही. २) आधी कौतुक, मग सूचना. ३) दुपारी भात बंद.

९ जानेवारी, गुरुवार

माझ्याकडे सोपवलेल्या प्राध्यापिका उज्मा बुबेरे भेटल्या. संख्याशास्त्र शिकवतात. दोन वर्षांचा प्रोबेशन पुढच्या महिनाअखेरच्या मीटिंगनंतर संपतो, म्हणजे २५ फेब्रुवारीला कमिटी ठरवणार: कायम करायचे की नव्याने जाहिरात द्यायची. त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. माझा अहवाल, आणि मुलांनी आपल्या परिसरातून काही शिकल्याचा एक प्रकल्प. प्रकल्पाचे अजून काही सुचले नाही, म्हणाल्या. मी म्हटले, काळजी करू नका, मी आहे.

त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही फक्त बसा. मागे बसलात तरी चालेल."

किती ही नम्रता. या मुलीची नोकरी आता माझ्या हातात. हात जपून वापरले पाहिजेत.

१५ जानेवारी, बुधवार, दुपारी ४

पहिले निरीक्षण. खोली क्रमांक बारा, शेवटचा बाक. खिडकीपलीकडे लूमची शेड, त्यामुळे अगदी घरच्यासारखे वाटले. मॅडमनी फळ्यावर 'सरासरी' लिहिले. काय नादमधुर शब्द. चौथीच्या पुस्तकात झोक्याची एक कविता होती, तिची चाल या शब्दाला तंतोतंत बसते. मनात म्हणून पाहावी यासाठी डोळे मिटले. उघडले तेव्हा फळा भरला होता आणि मुले दप्तरे उचलत होती.

तास अत्यंत परिणामकारक. वेळ कसा गेला कळलेच नाही.

अहवालाचा फॉर्म बेचाळीस प्रश्नांचा आहे. पहिल्या प्रश्नापुढे 'उत्तम' लिहिले. बाकीचे घरी.

विशेष नोंद: तौहीद आणि रमशा या दोन विद्यार्थ्यांनी मुद्दाम माझ्या बाजूचा बाक घेतला. माझ्याकडे पाहायचे, मोबाईलवरच्या घड्याळाकडे पाहायचे आणि वहीत लिहायचे. हल्लीची पिढी बेपर्वा आहे म्हणतात. कोण म्हणते?

२२ जानेवारी, बुधवार

वर्गाच्या दारातच तौहीदने गाठले. "सर, खाना हो गया? भात होता का चपाती?" माझे मन भरून आले. भात होता. राहीने केलाच होता आणि अन्नाला नाही कसे म्हणायचे. रमशाने विचारले, काल किती तास झोप झाली. सात, म्हणालो. तिने लिहून घेतले. एकतीस वर्षांच्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याने माझ्या प्रकृतीची अशी चौकशी केली नव्हती.

तासाबद्दल: सुरुवात छान. शेवट छान.

२४ जानेवारी, शुक्रवार

शुक्रवार म्हणजे लूमना सुट्टी. कॉलेजात विलक्षण शांतता. बुद्धी तल्लख झाली. मॅडम आलेख काढत होत्या. वर जाणारी रेघ, खाली येणारी रेघ. मला सातवीच्या पुस्तकातले लाटांवरचे गलबत आठवले. राहवले नाही. उभा राहिलो. पहिला संकल्प मोडला, पण फक्त दहाएक मिनिटांपुरता. कविता पूर्ण म्हटली, चालीवर. मग तिचा इतिहास. मग आमच्या काळी पाठांतर कसे असे, ते. मग खाडीत खरी गलबते यायची त्या दिवसांच्या थोड्या आठवणी.

मॅडम हातात खडू धरून हसतमुखाने उभ्या होत्या. मुले एकाग्र. रमशाच्या डोळ्यांत पाणी. जांभई दाबत होती, त्यामुळेही असेल.

घरी येऊन राहीला सगळे सांगायचे होते, पण ती नेहमीप्रमाणे शेजारी अतियाकडे. शुक्रवारी दुपारी हिचा पाय घरात ठरत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

पाचवे निरीक्षण. (चौथे सोमवारी झाले. उत्तम.) आज मध्येच लाईट गेली. लूम थांबले. त्या शांततेत मी ताडकन उभा राहिलो आणि म्हणालो, "फार छान, पुढे चालू द्या." वर्गाने टाळ्या वाजवल्या. तौहीद रमशाला हळूच म्हणाला, "छत्तीस मिनिट." बहुधा तास संपायला किती उरले ते सांगत असावा. वेळेचे भान आहे पोराला.

उज्मा मॅडमचा चेहरा मात्र उतरलेला दिसला. तास सुटल्यावर त्या दोघांची वही मागून घेतली आणि उभ्याउभ्याच वाचत राहिल्या. प्रकल्पाची काळजी असणार. मदत केली पाहिजे. उद्यापासून.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज बरे वाटले नाही. मदत सोमवारपासून.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सात निरीक्षणे पूर्ण. उन्नतीने फोन करून अहवालाचे विचारले. जवळजवळ झाला आहे, म्हणालो. बेचाळीसपैकी एक प्रश्न राहिलेला नाही, म्हणजे पहिला. उरलेले एकेचाळीस सोपे आहेत, पण 'होय / नाही / अंशतः' या तीन चौकोनांत शिकवण्याचा आत्मा कसा मावायचा? त्याऐवजी कविता लिहायला घेतली. कमिटीपुढे म्हणेन.

सरासरीच्या सावलीखाली
आकडे बसले पंगत करूनी,
वाढी मॅडम प्रेमे ज्ञान,
कोणी न उठे अर्ध्यावरूनी.

उत्तम जमली. दुसरे कडवे विद्यापीठावर.

राहीला ऐकवली. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, पोरीची नोकरी जाईल तुमच्या पायी, त्यो कागद भरा आधी. हिला यमकाची गोडी कधी लागलीच नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार, सायंकाळी

आज उज्मा मॅडम आणि रमशा घरी आल्या. चहा झाला. मॅडमनी रिकामा कप खाली ठेवला. म्हणाल्या, "सर, मुलांचा प्रकल्प झालाय. पण त्यात तुम्ही आहात. मला कळलं तेव्हा त्यांचं निम्मं काम झालं होतं. तुम्ही नको म्हणालात तर काढून टाकते. दुसरा प्रकल्प नाही माझ्याकडे, तरी काढते."

मला सगळे उमगले. मुलांनी माझ्या वर्गातल्या योगदानावर प्रकल्प केला होता आणि माझ्या मोठेपणाचा आधार घ्यायला या भल्या बाईला संकोच वाटत होता. मी म्हटले, काढायचे काही एक कारण नाही. उलट माझे नाव पूर्ण घाला. वडिलांच्या नावासकट.

रमशाने परवानगीचा कागद पुढे केला. सर, पहिले वाचा, असे दोनदा म्हणाली. चष्मा सापडेना. शिक्षकाने विद्यार्थ्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कोणी? सही केली, खाली तारीख, वळणदार.

राहीने कागद घेऊन दारातल्या उजेडात वाचला आणि तोंडाला पदर लावून आत गेली. गहिवरली असावी. परत आली ती मॅडमच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तू घाबरू नको गो. यांना काय व्हत न्हाय."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नीट लिहितो.

कमिटीची मीटिंग अकराला. उन्नती, कॉलेजचे दोघे आणि विद्यापीठाकडून आलेले एक डीन, सूटमध्ये. माझ्या खिशात चार पानी भाषण, सुरुवातीला कविता. चष्मा आठवणीने घेतला होता. तो घरी राहिला असता तर बरे झाले असते.

रमशाने पडद्यावर पहिले पान लावले. 'लूमचा आवाज आणि ज्येष्ठ निरीक्षकाची झोप: एक सांख्यिकीय अभ्यास.' खाली: निरीक्षणाचा विषय, प्रा. हिरामण चिंधू भोईर. पूर्ण नाव. वडिलांसकट.

निरीक्षणे सात. लूम चालू असताना सहा. बसल्यापासून डोळे मिटेपर्यंत सरासरी साडेसहा मिनिटे. भाताच्या दिवशी चार, चपातीच्या दिवशी नऊ. लूम थांबल्यावर जाग येण्यास लागणारा वेळ: दहा सेकंदांच्या आत. पाच फेब्रुवारीची झोप छत्तीस मिनिटे, लाईट गेल्याने अपुरी.

मग शुक्रवार. त्याला वेगळा रंग दिला होता. तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा. सर जागे: अठ्ठेचाळीस मिनिटे. सर बोलले: सदतीस. मॅडमनी शिकवले: अकरा. निष्कर्ष: सरांची झोप आणि वर्गाचे शिकणे यांत दाट संबंध आहे.

कोणी हसले नाही. डीननी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, ज्येष्ठ माणसाची अशी थट्टा करायला शिकवणाऱ्यांना आपण कायम नोकरी देणार आहोत का? उन्नती खाली पाहत होती. उज्मा मॅडम उभ्या होत्या. तिथे फळा नव्हता, तरी हातात खडू होता त्यांच्या.

मग डीन माझ्याकडे वळले. "सर, तुम्हाला हे मान्य आहे?"

उठलो. डोळे मिटलेला प्रत्येक माणूस झोपलेला नसतो, असे ठणकावून सांगणार होतो. तेवढ्यात टेबलावरची रमशाची वही दिसली. तारीख, वेळ, भात की चपाती, काल रात्रीची झोप, हवेतला उकाडा. एकेक रकाना पट्टीने आखलेला. एकही दिवस चुकला नव्हता.

म्हणालो, "आकडे बरोबर आहेत. एकतीस वर्षं शिकवलं, पण मुलांना एवढं लक्ष देताना मी कधी पाहिलं नव्हतं. यावेळीही पाहिलं नाही. झोपलो होतो."

आधी तौहीद हसला. मग उन्नती, अगदी शाळकरी पोरीसारखी. डीन सर्वांत शेवटी, पण सर्वांत जास्त वेळ.

उज्मा मॅडम कायम झाल्या. बाहेर व्हरांड्यात माझ्यापुढे आल्या, हातात अजून तोच खडू. मी म्हटले, जा, तास आहे तुमचा. माझ्या अहवालाचे उन्नतीने विचारले नाही. मुलांचाच जोडते म्हणाली, तो पूर्ण भरलेला आहे.

भाषण खिशातच राहिले. दुसरे कडवे खरोखर चांगले होते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा दिन. दोन-तीन ठिकाणांहून बोलावणे येईल म्हणून कोट इस्त्री करून ठेवला. सायंकाळी सहाला पुन्हा कपाटात.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी ३

कॉलेजचे पत्र. मला एक वर्षाची मुदतवाढ! राहीला हाक मारून म्हटले, बघ, त्यांचे माझ्यावाचून अडते. मोठ्याने वाचायला घेतले. 'आपण दिलेल्या सहकार्याबद्दल आभार. सात निरीक्षणांचा नमुना अभ्यासास अपुरा असल्याने किमान तीस निरीक्षणांपर्यंत आपली उपस्थिती आवश्यक आहे.' इथे आवाज थोडा कमी केला. शेवटची अट मनातच वाचली: 'भेटीचे वार, शुक्रवार सोडून.'

तौहीदचा फोन आला. "सर, सोमवार से फिर चालू. त्या दिवशी भात खाल का?" बघू, म्हणालो.

संकल्प: भात बंद. सोमवारपासून.

आज लूम बंद. टक्क जागा आहे. ते दुसरे कडवे राहीला ऐकवावे म्हणून स्वयंपाकघरात गेलो, तर ती नाही. अतियाकडे. लग्न होऊन आल्यापासून दर शुक्रवारी दुपारी ती अतियाकडे जाते. का, ते मी आजवर विचारले नव्हते.

चाळीस वर्षांचा नमुना अपुरा म्हणता येणार नाही.