प्रिन्सी स्टेजवर येणार नाही

मस्कत

प्रिय इनेझताई,

इथे केळं एकेक, प्लास्टिकात गुंडाळून विकतात. गिरीजच्या केळीच्या वाडीत वाढलेल्या बाईचा एवढा अपमान आजवर कुणी केला नव्हता. बाकी मी मजेत. तुझा गुडघा कसा आहे?

आपल्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाचा स्टॅनी म्हणतो, फीची मदत हवी तर मुलींनी स्टेजवर येऊन देणगीदारांसोबत फोटो काढावा. तुझी लेक प्रिन्सी नाही म्हणाली, शाबास. मी त्याला कळवलंय, "माझी देणगी सगळ्या मुलींसाठी थेट कॉलेजच्या ऑफिसात जाईल. फोटो हवाच असेल तर माझा पासपोर्टवरचा लाव." कुणाचंही बीएस्सीचं तिसरं वर्ष फीपायी अडणार नाही.

तू बीएस्सी सोडलंस तेव्हा तुझा लॅबचा ॲप्रन मला दिलास. तो परत करायचा राहिला. या पार्सलात नवा आहे, प्रिन्सीच्या मापाचा.

तुझी,
अँजेला