सर्व्हिस पॅक आणि गावपळण

२१ नोव्हेंबर २००४, रविवार
आजपासून चिडायचं नाही. डॉक्टर म्हणाले म्हणून नव्हे, मला स्वतःला वाटलं म्हणून.

सकाळीच मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी भाई माझ्या कॉम्प्युटर क्लासवर आले. सोसायटीने चार नवे कॉम्प्युटर घेतले, ते मी बसवून दिले. आता नेट लावलं की चारही मिनिटभरात आपोआप बंद पडतात. भाई म्हणे, तू बिघडवलंस. मी! नेटवरून व्हायरस शिरतो त्याला मी काय दारात काठी घेऊन बसू? विंडोज एक्सपीची सीडी तीन वर्षांपूर्वीची. फॉरमॅट करून पुन्हा टाका, अपडेट उतरवायला नेटवर जा, की अपडेटच्या आधी व्हायरस आत.

उपाय या पंचक्रोशीत फक्त मला ठाऊक आहे. नवा ‘सर्व्हिस पॅक २’, म्हणजे सगळ्या दुरुस्त्यांचा गठ्ठा, घ्यायचा आणि इन्स्टॉलेशनच्या सीडीतच मिसळून टाकायचा. स्लिपस्ट्रीम म्हणतात. मग कॉम्प्युटर जन्माला येतो तोच लस टोचून.

भाईंनी वीस डिसेंबरची मुदत दिली. नाहीतर कसालच्या निलेशला बोलावणार. निलेश! माझ्याच क्लासमध्ये टायपिंग शिकला, तेही दोन बोटांनी.

सोसायटीचं काम गेलं तर क्लास बंद आणि मी मालवणात, मेहुण्याच्या बर्फाच्या फॅक्टरीत कारकून. हे बायकोने, सुगंधाने, भात वाढता वाढता सांगितलं. मी चिडलो नाही. ताट फक्त जरा जोरात सरकवलं.

२३ नोव्हेंबर
कॉम्प्युटरचं मासिक आलं. सोबत फुकट सीडी. न बघताच बाबांना दिली. फुकटच्या सीडीत काय असणार, गेम आणि स्क्रीनसेव्हर. बाबा त्या घरामागच्या परड्यात वालाच्या मांडवावर टांगतात. चकाकी बघून केलडी येत नाहीत म्हणे. या घरात टेक्नॉलॉजीचा उपयोग माकडं हाकलायला.

२५ नोव्हेंबर
डाउनलोड सुरू केलं. अडीचशे एमबीच्या वर आहे. आमच्या फोनलाइनवर दोन दिवस धरा. दुपारी चौदा टक्के झालं आणि सुगंधाने आतला फोन उचलला. आईला तिरफळं किती घालायची ते विचारायचं होतं. नेट तुटलं. पुन्हा शून्यापासून.

निलेशने निरोप पाठवला की तुटलेलं डाउनलोड पुढे चालू करणारं सॉफ्टवेअर मिळतं. मला शिकवू नये.

बांगड्याला तिरफळं जास्त झाली होती. तसं सांगितलं.

२९ नोव्हेंबर
सर्व्हिस पॅक नाही तोवर रंगीत तालीम. एक छोटा जुना अपडेट मिसळून सीडी जाळली, म्हणजे बर्न केली. बूट होत नाही, कॉम्प्युटर तिच्यावरून सुरूच होईना. दुसरी जाळली. तीही नाही. कोऱ्या सीड्याच हलक्या येतात हल्ली. बाबा दारात उभे. आणखी होणार आहेत का, विचारत होते. मांडवाची दुसरी बाजू रिकामी आहे.

२ डिसेंबर
भरदुपारी पडवीतला दिवा जळत होता आणि घरात कोणी नाही! सुगंधा वाडीत गेलेली. आल्यावर चांगलं सुनावलं. घराबाहेर पडताना मेन स्विच बंद करायचा, भिंतीवर लिहून ठेवू का? तिने मान डोलावली. माणसाचा धाक असावा लागतो.

चिडायचं नाही हे सोमवारपासून.

५ डिसेंबर
देवाचा कौल झाला. येत्या शुक्रवारपासून गावपळण. तीन दिवस, तीन रात्री माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांनी वेशीबाहेर राहायचं. गावात चिटपाखरू नको. माझी मुदत तोंडावर आणि यांना आत्ताच पळायचंय! एकविसावं शतक आहे की काय आहे? देवळातून येताना दोघांशी वाजलं.

सायंकाळी
मी मूर्ख आहे. नाही, बाकीचे मूर्ख आहेत. गाव रिकामं म्हणजे आतला फोन उचलणारं कोणी नाही! बाहेरून फोन करणारंही नाही. कॉम्प्युटर चालू ठेवून निघायचं. परत येऊ तेव्हा सर्व्हिस पॅक हजर. देव टेक्निकल माणसाच्या बाजूने असतो.

१० डिसेंबर, शुक्रवार
डाउनलोड सुरू. दोन टक्के बघून निघालो. सुगंधाला बजावलं, कॉम्प्युटरला हात लावशील तर याद राख. तिने नाही लावला, मी स्वतः पाहिलं. मग कोंबड्यांचं खुराडं माझ्या डोक्यावर देऊन पुढे पाठवलं मला. कुलूप लावून ती मागून आली.

११ डिसेंबर, वेशीबाहेर, झावळांची खोप
माझ्या हिशेबाने पन्नास टक्के. सगळ्यांना सांगितलं. लोक पत्ते कुटतात, भजनं म्हणतात, यांना पन्नास टक्क्यांचं काय. शेजारच्या खोपीत भाई. त्यांना म्हटलं, काम झालं समजा. कुर्ल्या फोडता फोडता त्यांनी विचारलं, ‘‘झालां, काय होतलां?’’ झालंय की व्हायचंय म्हणे! या वृत्तीनेच कोकण मागे राहिलं.

१२ डिसेंबर
शंभर टक्के. आत्ता, या क्षणी, रिकाम्या घरात. कोंबडी चावली तरी चिडलो नाही.

१३ डिसेंबर
परतीचा कौल मिळाला. सगळ्यांच्या आधी घरात शिरलो. मॉनिटर काळा. बटण दाबलं, काही नाही. पंखा नाही, दिवा नाही. मीटरपाशी गेलो. मेन स्विच खाली.

कोणी केलं हे, म्हणून गावाला ऐकू जाईल असा ओरडलो. सुगंधा कोंबड्या सोडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘तुमीच सांगलात मां, घराभायर पडताना बंद करूचो म्हणान. कॉम्प्युटराक माजो हात लागूक नाय.’’

एवढी वर्षं काही ऐकलं नाही, हेच नेमकं ऐकलं.

१४ डिसेंबर
फोनला कुलूप. अजून वेळ आहे. दोन दिवसांचं तर काम.

१६ डिसेंबर
चव्वेचाळीस टक्क्यांवर कॉल वेटिंगमुळे तुटलं. फोन वाजला. मेहुणा. विचारत होता, कधीपासून येताय.

१८ डिसेंबर
भाईंनी वीस तारखेची वाट पाहिली नाही. सकाळी निलेश आला, दुपारच्या जेवणाला चारही कॉम्प्युटर नेटवर. सायंकाळी मुद्दाम जाऊन उभा राहिलो. एकही बंद पडेना. विचारलं, सर्व्हिस पॅक कुठून उतरवलास? म्हणाला, ‘‘उतरवलो नाय सर. मासिकावांगडा फुकट इल्लो. त्या सीडीतसून मिसळलंय.’’ मग म्हणाला, मासिक लावायला तुम्हीच सांगितलं होतं.

सर म्हणतो. दोन बोटांनी.

१९ डिसेंबर, रविवार
सकाळी परड्यात गेलो. मांडवाला माझ्या जाळलेल्या सीड्या, आणि मधोमध ती. लाल ठळक अक्षरांत, सर्व्हिस पॅक २. घरापासून हाकेच्या अंतरावर, महिनाभर. रडू आलं. रागाने.

सोडायला हात घातला तर बाबा काठी टेकत आले. ‘‘ती काढू नको रे. बाकीच्यांका केलडी भियनत नाय, तिकाच भियतत.’’

सीडी उन्हाने उलली होती, कडेचा पापुद्रा सुटत होता. परत बांधून ठेवली. वाल यंदा चांगला लागलाय.

क्लासची पाटी उतरवली. उद्या सकाळी मालवणची एसटी. बर्फाच्या फॅक्टरीत गारठा असतो म्हणून सुगंधाने स्वेटर काढून ठेवलाय. मी चिडलो नाही.