फुगवलेली गाणी

मंगळवार, ११ मार्च

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला छोट्या म्हणू नये हे मला कळतं, पण आठ वर्षांनी लिहायला बसल्यावर नवीन नाव कुठून आणू? पत्रात आधी प्रकृती विचारावी, मग हवापाणी आणि काम असेल ते शेवटी, असं शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं. तर तुझी पाठ कशी आहे? बायकोचा शिवणवर्ग चालू आहे ना? इकडे जिन्यातली भिंत पुन्हा ओली झालीय. माझे गुडघे कुरकुरतात, तरी चालते आहे. दमायला होतं, एवढंच.

आता काम. तुम्ही दोघं मिळून जिथे गाणी वाजवायचात, त्या बंदराजवळच्या गोदामाच्या मालकाने माणसाच्या उंचीचे नवे स्पीकर बसवलेत. एकोणीस एप्रिलला जुन्या मंडळींसाठी संध्याकाळ ठेवलीय आणि तुझ्या भावोजींना चार तास वाजवायला बोलावलंय. हे त्याच दिवशी हो म्हणाले. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. "एकसुद्धा बारकी फाइल जाता कामा नये. लोकांना नाचताना पोटात आवाज लागला पाहिजे."

तू गेल्यापासून यांचा नियम फारच कडक झालाय. गाणं एकतर वेव्हमध्ये, नाहीतर फ्लॅकमध्ये. वेव्ह म्हणजे अख्खं कापड पसरलेलं, फ्लॅक म्हणजे त्याचीच घडी. उलगडली की इंचभरही कमी भरत नाही. आणि एमपीथ्री म्हणजे कात्री लावलेलं. असं तूच मला कधीतरी समजावलं होतंस. यांना तर एमपीथ्री घरात दिसलं की झुरळ दिसल्यासारखं होतं.

रोज दुपारी चहा झाला की आमची बैठक बसते. हे खुर्चीत डोळे मिटून, मी संगणकापाशी. एकच गाणं दोनतीनदा साठलेलं असतं. मी प्रत्येक प्रत वाजवायची, यांनी चांगली निवडायची, बाकीच्या पुसायच्या.

परवा एक जुनं गाणं लावलं.

"दुसरी," हे लगेच म्हणाले. "झांज बघ कशी मोकळी सुटते. पहिलीच्या नाकात कापूस कोंबलाय."

पहिली मी स्वतः सीडीवरून उतरवलेली, अख्खी. दुसरी कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेली एकशे अठ्ठावीसची, म्हणजे बरीच कातरलेली एमपीथ्री, फक्त जरा मोठ्याने वाजणारी. मी क्रम उलटा केला.

"आता पहिली. अगं, कान आहेत मला, बटणं नाहीत!"

तीनदा लावलं. तिन्ही वेळा यांनी बारकीच निवडली. "पूस ती दुसरी," म्हणाले. मी "पुसते" म्हटलं, आणि ती अख्खी प्रत 'पाककृती' नावाच्या फोल्डरमध्ये टाकली. तिथे हे जन्मात फिरकणार नाहीत. महिनाभर मी हेच करतेय. यांनी टाकलेलं जपायचं आणि यांनी जपलेलं पाहून मान डोलवायची.

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. त्यांनी काढलेला आलेख जिन्यासारखा खाली उतरतो. वरचे स्वर जवळजवळ गेलेत म्हणाल्या. यांचं म्हणणं, मळ आहे. तो कागद घडी करून यांनी रेकॉर्ड प्लेअरच्या आखूड पायाखाली सरकवला. आता तबकडी सरळ फिरते, तेवढा उपयोग झाला.

साध्या एमपीथ्री मी आकारावरून ओळखून बाजूला काढीन. पण संग्रहात चारशेच्या वर अशा फाइली आहेत, ज्या दिसायला मोठ्या आणि आतून पोकळ आहेत. आकार पाहून त्या कळत नाहीत, आणि माझेही कान साठीच्या पुढचे. तुझे कान मला माहीत आहेत. त्या कशा झाल्या ते विचारू नकोस. चार दिवस ये, ऐक, खरी गाणी वेगळी करून दे. त्या उंच स्पीकरवर पोकळ गाणी वाजली तर सगळं गोदाम मान वळवून यांच्याकडे बघेल. तुझ्याकडे बघितलं होतं तसं.

तुझी,
ताई

गुरुवार

पत्र टाकलं नाही. पाकीट चिकटवून दोन दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले. "विचारू नकोस" हे शब्द बुटातल्या खड्यासारखे टोचत होते. आज पाकीट फोडलं.

छोट्या, त्या फाइली मी केल्या.

आठ वर्षांपूर्वी, त्या शेवटच्या कार्यक्रमाच्या दिवशी, तुम्ही दोघं स्पीकर घेऊन गोदामात पुढे गेला होतात. जाताना तू म्हणालास, "ताई, तेवढी सगळी गाणी या डिस्कवर उतरव. संध्याकाळी येताना घेऊन ये." गाणी मावेनात. त्या प्रोग्रामने विचारलं, दर्जा कुठला? मी सगळ्यात लहान निवडला. मूळ फाइली पुसू का? त्यालाही हो म्हटलं. घरच्या छोट्या स्पीकरवर लावून पाहिलं, मला काही फरक वाटला नाही. उलट अर्धी डिस्क रिकामी राहिली म्हणून स्वतःवर खूश होते. निघण्याआधी वेणीसुद्धा पुन्हा घातली.

पुढचं तुला माहीत आहे. झांजा पत्र्यासारख्या वाजल्या, नाचणारे थांबले, आणि हे माइक हातात असतानाच ओरडले, "रस पिऊन आम्हाला चोथा आणलास का रे?" दोनशे माणसं हसली. तू माझ्याकडे पाहिलंस. मी एक वायर गुंडाळत होते. गुंडाळून झाल्यावर ती सोडली आणि परत गुंडाळली.

तू गेल्यावर मी सगळं निस्तरायला बसले. त्याच प्रोग्रामने बारक्या फाइली वेव्ह केल्या. अकरापट फुगल्या, मला वाटलं गेलेलं परत आलं. पुढे एका रेकॉर्डवाल्याने सांगितलं, "बाई, कातरलेलं कापड मोठ्या कपाटात ठेवलं म्हणून लांब होत नाही." मग सापडतील तेवढ्या सीडी शोधून गाणी पुन्हा उतरवली. पण नावं तीच, आकारही तोच. आता खरी कुठली आणि फुगवलेली कुठली, हे माझं मलाच कळत नाही.

सगळ्यात वाईट ते अजून लिहिलेलं नाही. फुगवलेली गाणी पहिल्यांदा ऐकून हे म्हणाले होते, "बघ, तो गेला आणि आवाज परत आला." मी तेव्हाही गप्प बसले. डिस्कबद्दल क्षमा मागता येईल. त्या गप्प बसण्याबद्दल कशी मागायची, मला येत नाही.

आज सकाळी यांना सांगितलं. चहाचा कप यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "तेव्हा छोट्याने नाही, मी केलं होतं."

"काय?"

"चोथा. तो मी केला होता."

"काय म्हणतेस? जरा मोठ्याने बोल की."

"मी केलं! गाणी मी खराब केली! छोट्याने नाही!"

शेजारीण खिडकीत आली. आठ वर्षं जे पुटपुटणंसुद्धा जमलं नाही, ते शेवटी गल्लीला ऐकवावं लागलं. मग फुगवलेल्या गाण्यांचं आणि 'पाककृती'चंही त्याच आवाजात सांगून टाकलं.

यांनी चहा संपवला. कप स्वतः विसळला, जे हे कधी करत नाहीत. मग खिळ्यावरचा तुझा हेडफोन काढून मांडीवर घेऊन बसले. एरवी तो अजून तिथेच टांगलेला असतो, धूळ हेच पुसतात. मला हात लावू देत नाहीत.

"त्याला लिही," म्हणाले. "माझ्या वतीने काही लिहू नकोस. माझं मी बोलेन, तो आला तर. आणि नाही आला तर गोदामाला नाही म्हणून कळव. मी निवडलेलं मी वाजवणार नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "त्याला तेव्हाच कळलं होतं का गं, तुझं काम आहे म्हणून?"

मी म्हटलं, ठाऊक नाही.

"मग विचार."

म्हणून विचारते. तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा तुला कळलं होतं का? यायचं की नाही ते तू ठरव, पण एवढ्याचं उत्तर मात्र लिही. हो असेल, तरीही लिही.

वायर खाली ठेवून तुझ्याकडे बघणारी,
तुझी ताई